समोरून पाहिलेला डोळा

४ फेब्रुवारी

टिचके,

थोरल्या भावाने पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायचे असतात. मी दोनदा लिहिले आणि दोन्ही कागद फाडले. ही तिसरी सुरुवात, आशीर्वादाशिवाय.

तुझा पत्ता आईने दिला. "भांडायला लिहिणार असशील तर देत नाही," म्हणाली. भांडायला नाही, असं शपथेवर सांगून घेतला. माझा फोन तू उचलत नाहीस, त्याबद्दल माझी तक्रार नाही. बाबा गेले तेव्हा तू एक दिवस आलीस आणि माझ्याशी जे काही बोलायचं ते आईमार्फत बोललीस. मी समोरच्या खुर्चीत बसलो होतो आणि तू आईला म्हणालीस, "त्याला विचार, कपाटाची किल्ली कुठे आहे." मी किल्ली आईच्या हातात दिली. तेव्हा पत्र उघडशील की नाही कोण जाणे, पण उघडलंस तर वाचशील. लहानपणी तू औषधाच्या बाटलीवरचा कागदसुद्धा शेवटपर्यंत वाचायचीस.

कामाचं सांगतो. परवा आई फोनवर म्हणाली की तुझी लेक उडत्या तबकड्यांवर नेम मारायला शिकतेय. तेरा वर्षांची आहे, हात चांगला बसलाय. मला फार बरं वाटलं. मग आई म्हणाली की तिचा नेमाचा डोळा डावा निघाला, तू स्वतःच घरी भोकाचं कार्ड धरायला लावून तपासलास, आणि एक मार्चपासून तिची बंदूक उजव्या खांद्यावरून डाव्या खांद्यावर जाणार. "अगदी आईसारखाच डोळा," असंही आई कौतुकाने म्हणाली. मी फोन ठेवला.

तिची बंदूक हलवू नकोस. हे पत्र इथेच फेकून दिलंस तरी चालेल, एवढं मात्र ऐक.

तुझा नेमाचा डोळा डावा नाही, टिचके. उजवाच आहे. कागदावर डावा मी लिहिला.

कसा लिहिला ते सांगतो. नेमबाजांच्या तपासणीच्या खोलीत मला नोकरीला लागून तेव्हा दोनच महिने झाले होते. कार्ड तुला आठवत असेल, जाड पुठ्ठा आणि मधोमध बोट जाईल एवढं भोक. खेळाडूने ते दोन्ही हातांनी लांब धरायचं आणि भोकातून माझ्या नाकाकडे बघायचं. मी समोर उभा. मला भोकात त्याचा एकच डोळा दिसतो, तो त्याचा नेमाचा. अडचण एवढीच की समोरच्याचा उजवा डोळा माझ्या डाव्या हाताला असतो. दर वेळी डोक्यात उलटापालट करायचा मला कंटाळा, म्हणून मी एक युक्ती काढली होती. कच्च्या कागदावर मला दिसेल त्या बाजूने लिहायचं आणि संध्याकाळी पक्क्या कागदावर उतरवताना सरसकट सगळ्यांचं उलटवायचं. एकोणीस जणांचं बिनचूक आलं. तू विसावी. त्या दिवशी तुझी शाळेची परीक्षा होती, म्हणून तू दुसऱ्या दिवशी एकटीच आलीस. एकटीसाठी कशाला कच्चा कागद, म्हणून मी तुझं थेट पक्क्यावर लिहिलं, मला दिसलं तसं. उलटवायचं राहून गेलं.

पुढचं तुला माहीतच आहे. आपल्या मोठ्या सरांना तेव्हा एकबाजूचं वेड लागलं होतं. हात आणि डोळा एकाच बाजूचे असले की खेळाडूचा प्रतिसाद विजेसारखा येतो, असं ते येईल त्याला ऐकवायचे. तुझा हात उजवा आणि कागदावर डोळा डावा. त्यांनी आठवड्याच्या आत तुझी बंदूक डाव्या खांद्यावर दिली. तू पंचवीसपैकी बावीस तबकड्या फोडत होतीस, त्या तेरावर आल्या.

हे सगळं मला गेल्या महिन्यात कपाट आवरताना कळलं. जुन्या कच्च्या कागदांची चवड निघाली, त्यात तुझा कागदच नव्हता. नजरचूक होती. नजरचुकीची क्षमा मागायला चोवीस वर्षं उशीर झाला, पण मागतो.

लेकीला पुन्हा तपास. तू समोर उभी राहून मला बघत बघतच शिकलीस, म्हणून तूही माझ्यासारखंच लिहिलं असणार. दिसेल त्याच्या उलट लिही.

तुझा दादा


११ फेब्रुवारी

टिचके,

तुझं कार्ड मिळालं. अक्षर अजून तसंच आहे, उजवीकडे झुकलेलं, वाऱ्यात उभं केल्यासारखं. एकच ओळ लिहिलीस, "तुला कधी कळलं?"

लेकीला पुन्हा तपासलंस की नाही ते काही लिहिलं नाहीस. एक मार्चला अठरा दिवस उरलेत. मी कार्यालयातल्या कॅलेंडरवर रोज बघतो. तिथे माझ्या हाताखालची मंडळी मला "मिलिसेकंद" म्हणतात, माझ्या पाठीमागे. त्यांना वाटतं मला ठाऊक नाही.

तर, कधी कळलं. मागच्या पत्रात कपाटाची गोष्ट लिहिली, ती खोटी आहे. म्हणजे कपाट खरं आहे, कच्चे कागदही खरे आहेत, पण ते मी गेल्या महिन्यात पाहिले नाहीत. तुला तपासल्यावर अकराव्या दिवशी पाहिले.

मोठ्या सरांना वर अहवाल पाठवायचा होता आणि त्याला कच्चे कागद जोडायचे होते. मी मोजले. एकोणीस. पुन्हा मोजले. पक्क्या कागदावर वीस नावं, आणि विसावं नाव कुठूनच उलटून आलेलं नव्हतं.

त्या संध्याकाळी आपण सगळे जेवायला बसलो होतो. तुझ्या डाव्या खांद्यावर बंदुकीच्या दणक्याने काळंनिळं पडलं होतं आणि आई शेकायला पाणी तापवत होती. मी वर्तमानपत्राची सुरळी केली आणि तुला म्हणालो, यातून बघून सांग किती वाजलेत. तू सुरळी घेतलीस आणि जराही विचार न करता उजव्या डोळ्याला लावलीस. "साडेआठला पाच कमी," म्हणालीस. बाबा म्हणाले, हा काय पोरखेळ चाललाय. मी सुरळी परत घेतली, उलगडली आणि वाचत बसलो. वर्तमानपत्र मी उलटं धरलंय हे आईने दाखवून दिलं, आणि तू खो खो हसलीस. तू घरात मोकळेपणाने हसलेलं मला आठवतं ते बहुतेक तेच शेवटचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरांकडे सांगायलाच गेलो होतो. यावर विश्वास ठेव किंवा ठेवू नकोस. त्यांच्या खोलीत वरच्या कार्यालयातले तीन पाहुणे बसले होते आणि सर त्यांना तुझीच गोष्ट सांगत होते. पोरीचा डोळा डावा, बंदूक उजवीकडे होती, आणि तरी बावीस फोडायची, आता एकबाजू केलीय, सवय झाली की बघा कशी पंचवीस फोडते. मला बघून म्हणाले, "या, या. हेच ते. यांनीच शोधून काढलं." तिघं उठून माझा हात हातात घ्यायला पुढे आले.

मी हात पुढे केला. नोकरी कच्ची होती, सरांच्या शब्दावर मिळालेली होती, आणि सरांना पाहुण्यांसमोर तोंडघशी पाडायची माझी छाती नव्हती. पाहुणे गेले की सांगू, असं ठरवलं. मग अहवाल गेला की सांगू. मग मला कायम केलं की सांगू. सहा महिन्यांनी मला कायम केलं. त्या दिवशी आईने तुला माझ्यासाठी फुलं आणायला पाठवलं आणि तू आणलीस.

आणखीही आहे. दिव्यांच्या पाटीवर मी तुझी दर महिन्याला चाचणी घ्यायचो. आठ दिवे, कुठलाही पेटेल, पेटला की बटण. खांदा बदलायच्या आधी तुझी वेळ होती एकशे सत्त्याऐंशी मिलिसेकंद. त्या खोलीत त्याहून जलद कोणीच नव्हतं, मुलगे धरून. टिचकी वाजायच्या आत, म्हणून तर तुझं नाव टिचकी पडलं होतं. सहा महिन्यांनी दोनशे एकतीस झाली. सर म्हणाले, सवय होईल. मग त्यांनी तुझ्या चष्म्याच्या उजव्या काचेवर पट्टी चिकटवली, म्हणजे तुझा चांगला डोळाच झाकला. तू घरी चमचा डाव्या हातात धरायला लागलीस, दात डाव्या हाताने घासायला लागलीस, दाराची कडी डाव्या हाताने काढायला लागलीस. आपण मनापासून केलं तर जमेल, असं तुला वाटत होतं. मी ते रोज बघत होतो आणि मूग गिळून बसलो होतो.

निवड चाचणीत तुझ्या अकरा फुटल्या. संध्याकाळी बाबा म्हणाले की मुलगी मन लावत नाही. तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. बोललो, पण काय बोललो ते तुला माझ्यापेक्षा चांगलं आठवत असेल. "तिच्यात ते नाहीच, बाबा. असतं तर एव्हाना दिसलं असतं."

त्यानंतर तू माझ्याशी बोलली नाहीस, आणि मला आतून बरंच वाटलं. कारण तू बोलली असतीस तर कधीतरी हे विचारलं असतंस.

मला लाज वाटते. हे वाक्य लिहायला मी बराच वेळ घेतला आणि लिहिल्यावर ते फारच किरकोळ दिसतंय.

दादा


१८ फेब्रुवारी

टिचके,

दुसरं कार्ड आलं. पुन्हा एकच ओळ. "त्या दिवशी मी काय म्हणाले होते?"

मी दोन दिवस स्वतःला सांगून पाहिलं की मला आठवत नाही. चोवीस वर्षं झाली, रोज दहावीस जण तपासतो, कोण काय म्हणालं कसं आठवणार. पत्रही तसंच लिहायला घेतलं होतं. मग ते फाडलं. तुला पत्रं लिहायला लागल्यापासून घरातली कागदाची टोपली भरभरून वाहतेय.

त्याआधी एक गोष्ट लिहितो, कारण ती लेकीच्या उपयोगाची आहे. मोठ्या सरांचं एकबाजूचं म्हणणं मी पुढे स्वतः पडताळून पाहिलं. गुपचूप, पंधरा वर्षं. माझ्या खोलीत येईल त्याचा हात, डोळा आणि दिव्यांची वेळ मी एका वेगळ्या वहीत लिहीत गेलो. हात-डोळा एका बाजूचे असोत की उलटसुलट, दिवा पेटून बटण दाबेपर्यंतच्या वेळात मला फरक असा सापडलाच नाही. कुणाची झोप नीट झाली नसेल तर त्याहून जास्त फरक पडतो. बंदुकीचं तेवढं वेगळं, तिथे नळी नेमाच्या डोळ्याखाली हवी, नाहीतर गोळी भलतीकडे जाते. ते सर बरोबरच सांगत होते. पण तुझी वेळ एकशे सत्त्याऐंशीवरून दोनशे एकतीसवर का गेली, ते मला त्या वहीतून कळलं नाही. ते मला तुझ्याकडे बघून आधीच कळलं होतं. पाटीवर दिवा पेटला की तुझा हात अर्धा निघायचा आणि थबकायचा. आधी तू कधी थबकत नव्हतीस. दिसलेलं खरं धरावं की नाही, हे तू दर वेळी ठरवत होतीस, आणि ते ठरवायला चव्वेचाळीस मिलिसेकंद लागत होते.

आता तू काय म्हणाली होतीस ते.

तू दोन वेण्या घातल्या होत्यास आणि परीक्षेची शाई बोटाला तशीच होती. तू कार्ड लांब धरलंस. मोठे सर दारात उभे राहून कुणाशी तरी बोलत होते. मी बघितलं आणि "डावा" असं म्हणत लिहिलं. तू कार्ड खाली घेतलंस, एक डोळा मिटलास, मग दुसरा मिटलास, आणि म्हणालीस, "दादा, मला तर उजव्यानेच दिसतंय."

सरांनी तिकडून विचारलं, "काय म्हणतेय ती?"

मी म्हणालो, "काही नाही सर. घाबरलीय."

आणि तुझ्या हातातलं कार्ड काढून घेतलं.

झालं. एवढंच. कच्चा कागद, पक्का कागद, अकरावा दिवस, सुरळी, हे सगळं मी दोन पत्रांत तुला पुराव्यासारखं मांडत बसलो, कारण त्यात मी निदान चुकलेला माणूस दिसतो. खरं तर चुकायची गरजच नव्हती. भोकातून कुठल्या डोळ्याने दिसतं हे कार्ड धरून बघणाऱ्यालाच सगळ्यात आधी कळतं. मला कागद बघायची गरज नव्हती, तू सांगत होतीस. पण सर दारात होते, मी दोन महिन्यांचा तपासनीस होतो, आणि धाकट्या बहिणीने चारचौघांत आपली चूक काढलेली मला खपली नाही. तू पंधरा वर्षांची होतीस. तू पुन्हा म्हणाली नाहीस. मला वाटलं, बरं झालं, ऐकलं.

आईने त्या दिवशी फोनवर आणखी एक सांगितलं होतं. पहिल्या पत्रात मी ते गाळलं. तिला त्यात गंमत वाटली होती, म्हणून हसत हसत सांगत होती. लेकीला तू तपासलंस तेव्हा ती म्हणाली, आई, मला तर उजव्याने दिसतंय. आणि तू तिला म्हणालीस, "मलाही असंच वाटायचं. आपल्याला काय वाटतं त्यावर जायचं नसतं."

हे ऐकून मी फोन ठेवला होता. तबकड्या गेल्या, निवड गेली, बाबांचं तुझ्याबद्दलचं मत गेलं, हे मला माहीत होतं आणि त्याच्यासह मी जगत आलो होतो, नोकरी करत होतो, जेवत होतो. पण तू माझा कागद खरा मानलास आणि स्वतःचा डोळा खोटा ठरवलास, आणि तेच आता लेकीला शिकवतेस, हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं तू माझ्यावर रागावून गप्प आहेस, मनातून तुला तुझं खरं ठाऊक आहे. त्या रागाच्या आडोशाने मी चोवीस वर्षं काढली.

मला वाटतं तू इतकी वर्षं मला खरं मानत होतीस. पहिलं पत्र वाचेपर्यंत. हे चुकीचं असेल तर तसं लिही. चुकीचं असावं अशी माझी फार इच्छा आहे.

एक मार्चला अकरा दिवस आहेत.

दादा


२६ फेब्रुवारी

टिचके,

तुझं पत्र काल आलं. या वेळी अख्खं पान. मी ते जिन्यातच उभ्याने वाचलं, मग घरात जाऊन बसून वाचलं.

क्षमेबद्दल तू काही लिहिलं नाहीस आणि मीही आता मागत नाही. पहिल्या पत्रात मागितली होती ती नजरचुकीची होती, ती परत घेतो.

तू विचारलंस की एवढं सगळं मी मोठ्या सरांना कधी सांगितलं का. नाही. ते गेले त्याला सहा वर्षं झाली. त्यांच्या शोकसभेत मी भाषण केलं आणि त्यात तुझा उल्लेख टाळला. अहवालात मात्र तू अजून आहेस, डावा डोळा म्हणून. काल मी कार्यालयात जाऊन ती फाइल काढली आणि त्यात खुलाशाचा कागद लावला, सही करून. वरच्यांनी विचारलं तर काय ते उत्तर देईन. हाताखालच्या मुलीने विचारलं, सर, इतकी जुनी फाइल कशाला? मी म्हणालो, एका खेळाडूची नोंद चुकीची आहे. ती म्हणाली, कुणाची चूक? मी म्हणालो, माझी. पुढचं तिने विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही की ती खेळाडू माझी बहीण आहे. हे तुला लिहितोय कारण तुझ्यापासून आता काही हातचं राखायचं नाही असं ठरवलंय.

आता तू लिहिलंस ते. मी पुन्हा पुन्हा वाचून पाठ केलंय, तरी इथे उतरवतो, म्हणजे ऐकण्यात माझी गफलत नाही हे तुला दिसेल. "रविवारी, एक मार्चला, सकाळी दहाला मैदानावर ये. मी तिला अजून पुन्हा तपासलेलं नाही, तूच तपास. तिच्या समोर उभा राहू नकोस. मागे उभा राहा आणि तिला विचार की कुठल्या डोळ्याने दिसतंय. ती सांगेल ते लिही. मग तिच्यादेखत तिला सांग की तिच्या आईला बरोबर दिसत होतं. हे मी तिला सांगून उपयोग नाही. मी तिला उलटं सांगून बसलेय."

येतो. शनिवारी निघून तिथेच कुठेतरी राहीन, तुझ्या घरी उतरायचा प्रश्न नाही.

कार्ड नवीन कापलंय. कच्चा कागद घेत नाही. लेकीला मी फक्त ती लहान असतानाच्या, आईने दाखवलेल्या फोटोत पाहिलंय. ती मला ओळखणार नाही. मामा म्हणून हाक मारायला तिला सांगू नकोस, मारली तर मला पुढचं बोलता येणार नाही.

तू सांगितलेलं वाक्य मी खोलीचं दार लावून मोठ्याने म्हणून बघतोय. "तुझ्या आईला बरोबर दिसत होतं." सवयीने घड्याळ लावून पाहिलं. दोन सेकंदसुद्धा लागत नाहीत.

दादा